सरसकट ७७७ चा सल्ला दुरुस्त करावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

स्वतःची वेबसाइट स्वतः सांभाळणाऱ्यांसाठी आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत जो लेख आला, त्यातल्या एका परिच्छेदाबद्दल हे पत्र आहे. फोटो किंवा पीडीएफ चढवताना ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश आला, तर लिनक्स सर्व्हरच्या टर्मिनलवर सबंध वेबसाइटच्या फोल्डरला ‘चमॉड -आर ७७७’ द्यावे, असा सल्ला त्यात आहे. संदेश जातो हे खरे. पण किल्ली लागत नाही म्हणून चौकटीसकट दार उखडून ठेवावे, तसा तो जातो. लोक अशी कात्रणे काढून टेबलाच्या काचेखाली ठेवतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी लिपीचा खुलासा. छपाईच्या सोयीसाठी आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकायच्या. चमॉड म्हणजे सी-एच-एम-ओ-डी, चओन, म्हणजे मालक बदलणारी आज्ञा, सी-एच-ओ-डब्ल्यू-एन. ‘-आर’ म्हणजे उणे चिन्ह आणि मोठा आर. कुठे धाकटा आर अभिप्रेत असेल तर तसे म्हटले आहे.

चमॉड ही फाइल-फोल्डरांवरचे हक्क बदलणारी आज्ञा १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तिचे आजचे अंकगणित सोपे आहे: वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, आणि त्यांची बेरीज. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकीच्यांनी नुसते वाचावे. ७५५ मध्ये सगळ्यांना आणखी एक, चालवण्याचा, हक्क मिळतो. ७७७ म्हणजे त्या यंत्रावरच्या कोणालाही सगळे काही.

लेखात हरवलेली गोष्ट पुढची आहे. फाइलला आणि फोल्डरला अंक एकच दिला तरी त्याचा अर्थ एक राहत नाही. फोल्डर म्हणजे आत काय काय आहे त्या नावांची वही. फोल्डरवरचे ‘वाचणे’ म्हणजे ही वही वाचता येणे, ‘लिहिणे’ म्हणजे वहीत नाव घालता, खोडता किंवा बदलता येणे, आणि ‘चालवणे’, म्हणजे एक्स, हा तर चालवण्याचा हक्कच नव्हे. तो फोल्डर ओलांडून आत जाण्याचा हक्क आहे. नाव खोडण्याचा हक्क वहीवर असतो, फाइलवर नसतो. त्यामुळे ४४४ असलेली, कोणालाही लिहिता न येणारी फाइलसुद्धा, ज्याला त्या फोल्डरवर लिहिण्याचा आणि आत जाण्याचा हक्क आहे, तो खुशाल पुसू शकतो. ‘फाइल रीड-ओन्ली केली होती, तरी गेली कशी?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

आता ‘-आर’ काय करतो ते पाहू. तो दिलेल्या फोल्डरपासून तळापर्यंत उतरतो आणि वाटेत येईल त्याला तोच अंक चिकटवतो. फाइलला ६४४ हवे, फोल्डरला ७५५ हवे, आणि अंक तर एकच देता येतो. ६४४ निवडला की फोल्डरांचा एक्स जातो. साध्या वापरकर्त्याने ‘चमॉड -आर ६४४ फोटो’ दिले तर आज्ञा सर्वांत आधी ‘फोटो’चाच एक्स काढते, आणि मग तिला स्वतःलाच आत उतरता येत नाही. पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’च्या ओळी धडाधड उमटतात. ‘एलएस -एल’ने फोल्डरची यादी मागवली तर नावे दिसतात, पण आकार आणि तारखेच्या जागी प्रश्नचिन्हे. घाबरून आणखी काही देऊ नये. मालक आपणच असलो तर ‘चमॉड -आर यू+एक्स फोटो’ (यातला एक्स मोठा) दिले की आज्ञा प्रत्येक फोल्डर उघडत उघडत खाली जाते. पण तीच ६४४ ची आज्ञा सूडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने दिली, तर रूटला हे अडथळे नसल्याने ती मुकाट्याने तळापर्यंत जाऊन येते, एकही तक्रार दिसत नाही आणि सबंध वेबसाइट ‘४०३ फॉरबिडन’ दाखवू लागते.

सरसकट ७५५ दिल्याने वेबसाइट बंद पडत नाही, म्हणून ते बिनधोक वाटते. मात्र प्रत्येक फोटो आणि प्रत्येक मजकुराची फाइल ‘चालवण्याजोगी’ होते. कोड गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, असेल तर गिट एक्सचा फरक नोंदवतो, त्यामुळे एका अक्षराचा बदल नसताना शेकडो फाइली बदललेल्या दिसतात: जुना मोड १००६४४, नवा १००७५५.

सरसकट ७७७ चे तोटे सगळ्यांत वाईट. एकाच यंत्रावर अनेकांच्या वेबसाइट असतात तिथे आणि खाती एकमेकांपासून वेगळी कोंडलेली नसतील तर शेजारच्या खात्यातल्या कोणालाही तुमच्या फाइलीत मजकूर घुसवता येतो. शेजारच्याची वेबसाइट फोडली गेली की फोडणाऱ्यालाही तीच मुभा मिळते. गंमत अशी की काही ठिकाणी ७७७ ने वेबसाइट चालण्याऐवजी बंदच पडते. अपाचे या वेब सर्व्हरचे सुएक्झेक (स्क्रिप्ट खातेदाराच्या नावाने चालवणारी सोय) इतरांना लिहिता येणाऱ्या फोल्डरमधली स्क्रिप्ट चालवायला साफ नकार देते आणि पाहुण्याला ‘५००’ चा दोष दिसतो.

इथे एक गैरसमजही काढून टाकायला हवा. पीएचपी, म्हणजे वेबसाइटचा कोड ज्या भाषेत असतो ती, तिच्यातल्या फाइलचा एक्स काढला म्हणजे ती फाइल सर्व्हरवर चालणार नाही, असे अनेकांना वाटते. तसे नाही. पीएचपी ती फाइल नुसती वाचते आणि त्यातला कोड चालवते. तिला एक्सची गरजच नसते. फोटोंच्या फोल्डरमध्ये कोणी पीएचपी फाइल टाकली तर ती ६४४ वरही चालेल. तिथे पीएचपी चालू द्यायचे नसेल तर ते वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये बंद करावे लागते. चमॉडने ते होत नाही.

मग ‘परमिशन डिनाइड’ आले तर करायचे काय? आधी अडते कुठे ते शोधायचे. बहुतेक वेळा दोष अंकात नसतो, मालकीत असतो. वेबसाइटच्या फाइली तुमच्या नावावर असतात, आणि फोटो लिहू पाहणारी पीएचपी मात्र वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते: डेबियन आणि उबुंटूवर सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, रेड हॅटच्या घराण्यात सहसा अपाचे. ‘पीएस ऑक्स’ने चालू प्रोग्रामांची यादी पाहिली की पहिल्या स्तंभात नाव सापडते.

दुसरी शक्यता वाटेतल्या फोल्डरची. फाइलपर्यंत पोहोचायला मुळापासूनच्या प्रत्येक फोल्डरवर एक्स लागतो. शेवटच्या फोल्डरला ७७७ दिले आणि वरचा एक बंद असला, तर उपयोग शून्य. यासाठी ‘नेमआय -एल’ (यातला एल धाकटा) ही फारशी कोणी न वापरणारी आज्ञा द्यावी आणि पुढे फाइलचा पूर्ण मार्ग लिहावा. वाटेतल्या प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि हक्क ती एकाखाली एक मांडते. अडलेली पायरी लगेच डोळ्यांत भरते. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचे होम फोल्डर ७५० वर तयार होते. वेबसाइट होममध्ये ठेवणाऱ्यांची गाडी अनेकदा तिथेच अडते आणि ते आतल्या फोल्डरांवर ७७७ चा मारा करत बसतात.

मालकीचा दोष असेल तर ज्या एका फोल्डरात पीएचपीने लिहायचे आहे, तेवढेच तिच्या नावावर करावे. वर्डप्रेसमध्ये हे फोल्डर म्हणजे डब्ल्यूपी-कंटेंटमधले अपलोड्स:

सूडो चओन -आर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा अपलोड्स

बाकीचा कोड स्वतःच्या नावावर राहू द्यावा. याची किंमत आहे: वर्डप्रेस स्वतःचे अपडेट स्वतः करताना एफटीपीचे नाव-पासवर्ड मागू लागेल, कारण त्याला कोडवर लिहिता येत नाही. माझ्या मते ही किंमत वाजवी आहे. ज्याला कोडवर लिहिता येत नाही, त्याला कोड बिघडवताही येत नाही.

अंकच विस्कटले असतील तर फाइली आणि फोल्डर वेगळे काढून दोन आज्ञांत काम करावे. आधी ‘सीडी’ने वेबसाइटच्या फोल्डरात जावे, ‘पीडब्ल्यूडी’ने आपण खरेच तिथे आहोत याची खात्री करावी, आणि मग:

फाइंड . -टाइप डी -एक्झेक चमॉड ७५५ {} +
फाइंड . -टाइप एफ -एक्झेक चमॉड ६४४ {} +

फोल्डर आधी, फाइली नंतर. कारण फोल्डरचे एक्स परत आल्याशिवाय फाइंड आत जाऊ शकत नाही. शेवटच्या अधिक चिन्हाला अर्थ आहे. त्याने फाइंड शेकडो नावे गोळा करून चमॉडला एकदम देते. त्याजागी उलटी तिरकी रेघ आणि अर्धविराम असेल तर प्रत्येक फाइलसाठी चमॉड वेगळे सुरू होते. फाइलींवर परिणाम तोच, पण लाखभर फाइलींवर वेळ किती तरी जास्त. मात्र फोल्डरांचा एक्स गेलेला असेल तर पहिल्या ओळीत अधिकऐवजी ही रेघ आणि अर्धविरामच हवा, कारण अधिक असले की फाइंड आधी आत शिरू पाहते आणि चमॉड नंतर चालते. देण्याआधी काय बदलणार ते पाहायचे असेल तर ‘फाइंड . -टाइप एफ ! -पर्म ६४४ -एलएस’ दिल्यास फक्त वेगळ्या अंकाच्या फाइली दिसतात. ही यादी वाचणे टाळू नये, कारण अपवाद तिथेच सापडतात. डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलीत असतो, ती वर्डप्रेसची डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल कोणी ६४० किंवा ६०० वर नीट बंद करून ठेवली असेल, तर वरची दुसरी आज्ञा तीही ६४४ करून टाकते. अशा फाइलीला नंतर तिचा अंक परत द्यावा. मदतीच्या स्क्रिप्टचा एक्सही असाच जातो.

काही जण फाइंडची यादी नळीने ‘एक्सआर्ग्स’कडे पाठवतात. आपल्याकडे फाइलींची नावे ‘ग्रामसभा ठराव’, ‘सातबारा उतारा’ अशी मधे जागा सोडून ठेवायची पद्धत आहे, आणि एक्सआर्ग्स ती जागा दोन नावांमधली समजते. मग ‘ग्रामसभा’ नावाची फाइल नाही आणि ‘ठराव’ नावाचीही नाही, अशी दुहेरी तक्रार येते आणि खरी फाइल तशीच राहते. त्यावर इलाज आहे, फाइंडला ‘-प्रिंट०’ आणि एक्सआर्ग्सला ‘-०’ लावायचे. पण ‘-एक्झेक’ वापरले तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

दोन आज्ञांऐवजी एकच हवी असेल तर मोठ्या एक्सची सोय आहे: ‘चमॉड -आर यू=आरडब्ल्यूएक्स,जीओ=आरएक्स .’, यातले दोन्ही एक्स मोठे आणि बरोबरच्या चिन्हानंतरचे आर, डब्ल्यू धाकटे. मोठा एक्स फोल्डरांना एक्स देतो, आणि फाइलींना फक्त आधीपासून कोणाचा तरी एक्स असेल तरच. त्यामुळे स्क्रिप्ट शाबूत राहतात, फोटोंना एक्स लागत नाही. मात्र कोणी आधीच सरसकट ७७७ दिले असेल तर ही युक्ती फसते, कारण तेव्हा प्रत्येक फाइलला एक्स असतोच आणि तो तसाच राहतो. ‘आधी सगळ्यांचा एक्स काढ, मग मोठा एक्स लाव’ असे एकाच आज्ञेत लिहिले तर लिनक्सवरचे चमॉड काढल्यानंतरची स्थिती बघते. युनिक्ससारख्या यंत्रणांसाठीच्या पॉझिक्स मानकानुसार मात्र मूळ स्थिती बघायला हवी. म्हणजे एकच ओळ दोन यंत्रांवर दोन निकाल देऊ शकते. ७७७ निस्तरायचे असेल तर वरच्या दोन फाइंडच बऱ्या.

टंकनाच्या चुका चार अक्षरांच्या आणि परिणाम मोठे. धाकटा आर हा चमॉडमध्ये ‘खालपर्यंत जा’ नसून ‘वाचण्याचा हक्क काढ’ असा आहे. ‘चमॉड -आर ७५५ फोटो’ यात आर धाकटा पडला तर ‘७५५’ला फाइलचे नाव समजून ते सापडत नाही अशी तक्रार येते आणि ‘फोटो’चा वाचण्याचा हक्क मात्र काढला जातो. तिरक्या रेघेनंतर चुकून जागा सुटली, म्हणजे ‘/व्हार’ऐवजी ‘/ व्हार’ झाले, की आज्ञा सबंध यंत्राच्या मुळापासून सुरू होते. फाइली पुसणारी आरएम आज्ञा मुळाला हात लावायला आपणहून नकार देते. चमॉड देत नाही. तिला ‘--प्रिझर्व्ह-रूट’ मुद्दाम सांगावे लागते. लपलेल्या फाइलींसाठी ‘.*’ लिहिणाऱ्यांनी सांभाळावे: त्यात ‘..’, म्हणजे वरचे फोल्डर, येऊ शकते आणि आज्ञा खाली जायच्या ऐवजी शेजारच्यांच्या घरात शिरते. टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणाऱ्या बॅश या प्रोग्रामच्या ५.२ आवृत्तीपासून ते वगळले जाते, पण सर्व्हरवरचे बॅश किती जुने आहे ते पाहून घ्यावे. ‘.’ दिला की लपलेल्या फाइली आपसूक येतात, ‘.*’ची गरजच नाही.

आणि हे सगळे करण्याआधी एक मिनिट काढून सध्याचे हक्क उतरवून ठेवावेत. त्यासाठी एसीएल नावाचे पॅकेज लागते (त्यातले गेटफॅकल म्हणजे जी-ई-टी-एफ-ए-सी-एल, सेटफॅकल म्हणजे एस-ई-टी-एफ-ए-सी-एल):

गेटफॅकल -आर . > ~/हक्क.टीएक्सटी

बिघडले तर त्याच फोल्डरात उभे राहून ‘सेटफॅकल --रिस्टोअर=’ आणि पुढे त्या फाइलचा मार्ग द्यावा; जे होते ते परत येते. सूडोने दिले तर मालकीही परत येते. ही नक्कल वेबसाइटच्या फोल्डरात ठेवू नये. चमॉडला ‘अनडू’ नाही, हे लेखात एका ओळीत तरी यायला हवे होते.

वेबसाइटच्या बाहेर चूक झाली तर प्रकरण वेगळे. ‘/यूएसआर’वर सूडोने सरसकट ७५५ किंवा ७७७ दिले की सूडो, एसयू, पासवर्ड या आज्ञांवरची सेटयूआयडीची खूण, म्हणजे त्या रूटच्या हक्काने चालवणारी खूण, पुसली जाते. पुढच्या वेळी सूडो म्हणते की माझी मालकी रूटकडे हवी आणि सेटयूआयडी बिट हवा. म्हणजे दुरुस्तीसाठी लागणारे हत्यारच मोडलेले असते. ‘/टीएमपी’ला १७७७ हवे, सरसकट ७७७ ने सुरुवातीचा १, म्हणजे दुसऱ्याच्या फाइली पुसू न देणारी खूण, जातो आणि कोणीही कोणाच्याही तात्पुरत्या फाइली पुसू शकतो. होम फोल्डर ७७७ झाले तर एसएसएच की (दुरून सर्व्हरवर शिरण्याची किल्ली-फाइल) घेऊन आत येणे बंद पडते, कारण सर्व्हर अशा होमवर विश्वास ठेवत नाही. आणि खासगी की स्वतः ६४४ झाली तर एसएसएच ती ‘फार उघडी’ म्हणून वापरतच नाही. डॉट-एसएसएच फोल्डरला ७००, आतल्या खासगी कीला आणि ऑथराइज्ड-कीज फाइलला ६००. चालू जोडणी असेल तर ती बंद करण्याआधी हे दुरुस्त करावे, नाहीतर पुन्हा आत येता येणार नाही.

यंत्र आरपीएमवर, म्हणजे रेड हॅटच्या घराण्यातल्या पॅकेज-पद्धतीवर, चालणारे असेल तर पॅकेजच्या नोंदीतून मूळ हक्क परत लावता येतात. आधी ‘आरपीएम --सेटयूजीआयडीज -ए’ने मालकी आणि मग ‘आरपीएम --सेटपर्म्स -ए’ने हक्क. क्रम उलटा नको, मालकी बदलली की सेटयूआयडीची खूण पुन्हा जाते. डेबियन-उबुंटूवर अशी एका ओळीची सोय नाही. पॅकेज पुन्हा बसवावी लागतात, किंवा तशाच दुसऱ्या यंत्रावरून ‘गेटफॅकल’ची यादी आणून पडताळावी लागते. आपला डेटा आणि वेबसाइट कोणत्याच पॅकेजच्या नोंदीत नसतात. त्यांचे हक्क आपल्यालाच आठवावे लागतात.

राहिल्या दोन गोष्टी, ज्यांत चमॉडचा दोषच नसतो. फेडोरा किंवा रेड हॅटवर हक्क, मालकी, वाट सगळे बरोबर असूनही नकार येत असेल तर ते एसईलिनक्स, म्हणजे लेबलांवर चालणारी जादा सुरक्षा-व्यवस्था, असू शकते. ‘एलएस -झेड’ (यातला झेड मोठा) ने लेबल पाहावे, ‘रिस्टोअरकॉन -आरव्ही’ने नीट करावे. आणि फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर असे हक्क साठवले जातच नाहीत. तिथे ते जोडतानाच्या यूमास्कने, म्हणजे कोणते हक्क वगळायचे ते सांगणाऱ्या अंकाने, ठरतात, चमॉड कितीही वेळा दिले तरी फरक पडत नाही.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापताना जागा कमी असेल तर दोन फाइंडच्या ओळी आणि गेटफॅकलची एक, एवढ्याच घ्याव्यात. त्या मात्र रोमन अक्षरांत, मोठे आर आणि धाकटे आर डोळ्यांत तेल घालून तपासून छापाव्यात.

आपला,
एक वाचक, पुणे